शेजारचा तुकडा

१

उंच इमारतींच्या काचा पुसणारा एक माणूस भर सकाळी खाली आला. उतरून नव्हे, पडून. त्याच्या कमरेला नवाकोरा सुरक्षा पट्टा होता आणि तो मधोमध तुटलेला होता. खाली जमलेल्या लोकांनी वर पाहिलं, तर त्याची बादली अजून जागच्या जागी झुलत होती. बादलीचा दोर कुणी कधी तपासला नव्हता, तो टिकला. पट्टा मात्र तपासून, शिक्का मारून आला होता.

ज्या कारखान्यात तो पट्टा विणला आणि तपासला, तिथे तपासणीच्या खोलीत दोन बायका काम करत. दोघी सख्ख्या जावा. मेलेला माणूस धाकटीचा नवरा आणि थोरलीचा दीर. दीर कसला, थोरली स्वतः तरुणपणी विधवा झाली तेव्हा तो शाळेत होता. तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. आणि पट्ट्याच्या तपासणीवर सही होती ती थोरलीची.

विमा कंपनीनं चौकशीला ज्याला पाठवलं त्याला सगळे टाचणी म्हणत. अंगकाठी तशी होतीच, पण नाव त्यावरून पडलं नव्हतं. तो गोड बोलून माणसाला सैल करायचा आणि मग बरोबर नको तिथे टोचायचा. टोचताना त्याला वाईट वाटत नसे. वाईट वाटून घेणारी माणसं या धंद्यात लवकर म्हातारी होतात, असं तो म्हणे. स्वतः पन्नाशीतही ताठ होता.

दोष कुणाचा, एवढंच त्यानं लिहून द्यायचं होतं. त्यानं थोरलीचं नाव लिहिलं की तिच्यावर खटला उभा राहणार होता. घरातून तर सासूनं तिची ट्रंक आधीच दाराबाहेर काढून ठेवली होती.

मॅनेजरनं त्याला चहा पाजला आणि सगळं समजावून सांगितलं. भिंतीवर त्याचाच एक मोठा फोटो होता. गिऱ्हाइकांसमोर तो स्वतः पट्ट्याला लटकून हसत होता. पट्ट्याच्या कडेला हिरवा धागा दिसत होता.

टाचणीनं विचारलं, हा पट्टा कुठला?

मॅनेजरचा चेहरा पडला. पट्ट्याच्या प्रत्येक गुंडाळीला कडेनं एका रंगाचा धागा असतो, म्हणजे ओळखू येते. तुटलेल्या पट्ट्याचा धागा हिरवा होता, आणि फोटोतला पट्टाही त्याच गुंडाळीतला होता. "मी त्याला लटकलोय हो," तो म्हणाला. "नुसतं लटकायला टिकला. पडताना हिसका बसतो, तिथे गेला."

मग त्यानं थोरलीच्या हाताची गोष्ट सांगितली, आणि टाचणीनं चहाचा कप खाली ठेवला.

२

पट्टा मजबूत आहे की नाही हे कळायला तो तोडूनच बघावा लागतो. तुकडा यंत्राच्या दोन जबड्यांत धरायचा, यंत्र ओढतं, आणि तो ज्या आकड्याला तुटतो तो आकडा लिहायचा. लाल रेघेच्या वर तुटला तर गुंडाळी पास, खाली तुटला तर नापास. तुकडा जबड्यात सरळ बसवणं हे हाताचं काम. तिरका बसला की एका कडेवर जोर येतो आणि चांगला पट्टाही लवकर तुटतो.

एका मोठ्या गिऱ्हाइकानं विचारलं होतं, तुमच्या तपासणाऱ्यांच्या हातात फरक किती? म्हणून मॅनेजरनं दोघींची परीक्षा घेतली. त्यात थोरलीचे आकडे धाकटीपेक्षा सरसकट खाली आले. निकाल लागला की थोरली तिरकं बसवते. तपासणीची मुख्य म्हणून धाकटीला नेमलं, आणि थोरलीला सांगितलं की तुझ्या हातानं कमी येतं, तेव्हा इथून पुढे आकड्यात भर घालून वाच. काही दिवसांनी हिरव्या धाग्याची गुंडाळी आली. थोरलीच्या हातात ती रेघेखाली तुटली. मॅनेजरनं सांगितल्याप्रमाणे तिनं भर घातली, आकडा रेघेच्या वर गेला, आणि तिनं सही केली.

ही सगळी हकिगत थोरलीनं टाचणीला पुन्हा सांगितली, आणि सांगताना स्वतःची बाजू एकदाही घेतली नाही. ती यंत्राजवळच्या स्टुलावर बसली होती. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते, कुणाच्या दृष्टीला पडू नयेत म्हणून ठेवतात तसे.

"शंका नाही आली?" टाचणीनं विचारलं.

"आली ना. तुकडा हातात घेतला तेव्हाच लिबलिबीत लागला. पण माझ्या हाताला लागून काय उपयोग? तो हातच खोटा निघाला होता."

तिला एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं. धाकटीला तुकडा बसवायला तिनंच शिकवलं होतं, बोटं धरून. मग शिष्येचा सरळ आणि गुरूचा तिरका, हे कसं झालं? पण आकडे समोर होते. म्हातारपण कुणाला सांगून येतं, असं म्हणून तिनं ते गिळलं होतं.

टाचणीनं सहज विचारलं, एकच तुकडा दोघींनी ओढून का नाही बघितला, म्हणजे वादच मिटला असता. थोरली इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

"एकदा तुटलेला तुकडा पुन्हा कसा तोडणार हो? म्हणून एकाच सलग पट्ट्याचे तुकडे करतात. एक मला, त्याच्या शेजारचा तिला, पुढचा परत मला. शेजारशेजारचे म्हणजे सारखेच, असं धरून चालायचं."

"आणि ते सारखेच होते, हे कुणी बघितलं?"

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. तिचं हसू विरलं होतं. हा प्रश्न कारखान्यात कुणीही कुणाला विचारला नव्हता.

"ते तुटलेले तुकडे कुठे गेले?" टाचणीनं विचारलं.

३

तुकडे पोत्यात होते. कारखान्यात काही टाकून देत नाहीत. चिंध्यासुद्धा विकतात, फक्त विकणाऱ्याला मुहूर्त सापडावा लागतो.

पोतं पट्टे कापणाऱ्याच्या खोलीत होतं. हा एक डावखुरा, किरकिऱ्या माणूस. गरम सुरीनं पट्टा कापायचा, म्हणजे कड वितळून घट्ट होते आणि सुटत नाही. परीक्षेचे तुकडे त्यानंच कापले होते, त्यानंच त्यांवर आकडे घालून आदल्या संध्याकाळी दोन ट्रेमध्ये मांडून ठेवले होते. खोलीची किल्ली मॅनेजरकडे, दोघी जावांकडे आणि त्याच्याकडे. हे त्यानं न विचारताच सांगितलं, आणि वर म्हणाला, "माझ्यावर ढकलायला बघू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सवय असते तुम्हा लोकांना."

टाचणीनं पोतं अंगणात नेऊन उन्हात उपडं केलं आणि गुडघे टेकून बसला. तुकडे मधे तुटून त्यांचे झुपके झाले होते, पण जबड्यात धरलेली टोकं शाबूत होती. त्यानं सगळे सरळ बाजू वर करून आकड्यांप्रमाणे ओळीनं लावले. थोरलीचा, मग धाकटीचा, मग थोरलीचा.

हातानं कापलेली कड कधी नाकासमोर जात नाही. सुरी जराशी वाकते, कुठे थबकते. त्यामुळे सलग पट्ट्यातून कापलेल्या दोन शेजाऱ्यांच्या कडा एकमेकींत बसायला हव्यात, मोडलेल्या भाकरीसारख्या. इथे एकही बसत नव्हती. थोरलीच्या तुकड्याची कड धाकटीच्या तुकड्याला लावली की मधे फट राहत होती.

मग त्याच्या मनात आलं आणि त्यानं धाकटीचे तुकडे बाजूला सारले. नुसते थोरलीचे उरले. ते त्यानं एकमेकांना लावून पाहिले. पहिला दुसऱ्याला बसला. दुसरा तिसऱ्याला. सगळे बसले.

एक तुकडा आड एक द्यायचे ठरले असताना थोरलीला मिळालेले तुकडे आपापसांत सख्खे शेजारी निघाले होते. म्हणजे ते त्या पट्ट्यातले नव्हतेच.

त्यानं कापणाऱ्याला बोलावून नवीन पट्टा कापायला सांगितला. डाव्या हातानं कापलेली कड एका अंगाला झुकली. धाकटीचे तुकडे तसेच होते. थोरलीचे सगळे दुसऱ्या अंगाला झुकत होते. ते कुणीतरी उजव्या हातानं कापले होते. शिवाय दोघींच्या तुकड्यांना कडेचा धागा निळाच होता, पण थोरलीच्या तुकड्यांमधला निळा विटलेला होता. ट्यूबलाइटखाली ते कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं.

"खिडकीतली गुंडाळी," कापणारा पुटपुटला. गोदामाच्या खिडकीत निळ्या धाग्याची एक जुनी गुंडाळी वर्षानुवर्षं उन्हात सडत पडली होती. ऊन खाल्लेला पट्टा बाहेरून धडका दिसतो, आतून मेलेला असतो.

थोरलीचा हात खोटा नव्हता. तिला खोटे तुकडे दिले होते. आणि ते देणारा हात उजवा होता, म्हणजे उरले दोघं.

४

घरी टाचणी गेला तेव्हा दार सासूनं उघडलं. मुलगा गेलेल्या बाईचं तोंड कसं असावं तसं तिचं होतं, पण जीभ शाबूत होती. थोरलीला तिनं नवरा खाल्लेली म्हटलं, दीर खाल्लेली म्हटलं, आता माझा नंबर, असंही म्हटलं. दाराबाहेरच्या ट्रंकेकडे बोट दाखवून म्हणाली की ही खटल्याला उभी राहिल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही.

धाकटी कोपऱ्यात बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. टाचणीनं विचारलं ते ती सरळ सांगत होती. थोरलीबद्दल तिनं एकही वाईट शब्द काढला नाही. फक्त म्हणाली की ताईंची सही आहे, मी काय बोलणार. तिच्या रडण्यात खोट नव्हती, हे टाचणीला कळलं. त्यानं आयुष्यभर खोटं रडणं ऐकलं होतं.

तो निघणार एवढ्यात त्याला दारामागे खिळ्यावर एक जुना पट्टा दिसला. कडेला पिवळा धागा, वापरून मऊ झालेला. हा का घरी राहिला, त्यानं विचारलं.

सासूनं कपाळावर हात मारून घेतला. ठेकेदारानं आदल्या दिवशी सगळ्यांना नवे पट्टे वाटले होते. मुलगा खुशीत घेऊन आला, बायकोला म्हणाला, बघ, तुझ्याच कारखान्याचा. आणि सकाळी निघताना हिनं त्याच्याशी भांडण उकरून काढलं.

"पाय धरले हो त्याचे," सासू म्हणाली. "हिरव्या धाग्याचा नको, जुनाच लावा. हिरवा रंग तुम्हाला लाभत नाही म्हणे. तो हसायला लागला, तर ही दारात आडवी झाली. तिच्या मनाला आधीच कळलं होतं सगळं. बायकोचं मन असतं तसं. आणि ती दुसरी, जिनं त्याला मोठा केला, ती डबा भरत होती. एक शब्द बोलली नाही."

धाकटीचं रडणं थांबलं होतं.

टाचणीनं खिळ्यावरच्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं, धाकटीकडे एकदा. मग त्यानं सासूला विनंती केली की उद्या कारखान्यात या, दोन्ही सुनांना आणा, आणि येताना हा जुना पट्टा घेऊन या.

५

तपासणीच्या खोलीत सगळे उभे होते. मॅनेजर, कापणारा, सासू, धाकटी. थोरली आपल्या स्टुलावर, हात मांडीखाली. सासूला वाटत होतं की आज हिला धरून नेतील, म्हणून ती अगदी पुढे उभी राहिली होती.

टाचणीनं टेबलावर थोरलीचे तुकडे कडेला कड लावून मांडले आणि ते कसे एकमेकांत बसतात हे दाखवलं. उजवा हात, विटलेला निळा, खिडकीतली गुंडाळी, सगळं सांगितलं. मॅनेजर पांढराफटक पडला.

"कापणारा डावखुरा, तो सुटला. राहिले मॅनेजर आणि धाकट्या बाई. तुकडे कुणी बदलले हे कुणी पाहिलेलं नाही. पण ज्यानं बदलले त्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी साऱ्या कारखान्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. ती म्हणजे थोरल्या बाईंचा हात खरा आहे. आणि हात खरा असेल, तर त्या हातात रेघेखाली तुटलेली हिरवी गुंडाळी खरोखरच कुचकामी आहे. मॅनेजरला हे माहीत असतं, तर हा गृहस्थ हिरव्या पट्ट्याला स्वतः लटकला नसता. थोरल्या बाईंना स्वतःलाच माहीत नव्हतं, म्हणून त्या गप्प डबा भरत होत्या. हिरव्या धाग्याला घाबरून दारात आडवी झाली ती एकच व्यक्ती."

सासू आधी टाचणीकडे बघत राहिली, मग हळूहळू तिची मान धाकटीकडे वळली. ते आपणच सांगितलं, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

धाकटीनं नाकारलं नाही. खाली बसली आणि बोलत सुटली. घरात ताईंचं, कारखान्यात ताईंचं. भाजीला मीठ ताईंना विचारून, तुकडा बसवायचा तो ताई दाखवतील तसा. नवरासुद्धा पगार आणून ताईंच्या हातात द्यायचा. तिला एक खुर्ची हवी होती, तिची स्वतःची. ताईंची नोकरी जाणार नव्हतीच, नुसतं नाव खाली येणार होतं. भर घालून वाचायचं खूळ मॅनेजरच्या डोक्यातून निघेल, हे तिला कुठे माहीत? हिरवी गुंडाळी आली, ताईंनी भर घातली, सही केली, तेव्हा ती शेजारी उभी होती. तोंडापर्यंत आलं होतं. पण बोलली असती तर सगळंच बाहेर पडलं असतं. पट्टे दूर कुठे जातील, कुणी पडेलच असं नाही, असं म्हणून तिनं मन मारलं. आणि एका संध्याकाळी तोच धागा कमरेला बांधून नवरा दारात उभा राहिला.

"मग खरं का नाही सांगितलंस त्याला?" टाचणीनं विचारलं. "रंग लाभत नाही कसलं सांगतेस?"

"सांगितलं असतं तर तो मला टाकून ताईंच्या पाया पडला असता," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, भांडून ऐकेल."

मॅनेजरनं घसा साफ करून विचारलं की म्हणजे आता कारखान्याचा तसा दोष नाही ना? टाचणी म्हणाला, तुमचं नावही येईल, घाई करू नका. चुकलेल्या हाताला दुरुस्त करायचं सोडून त्याचे आकडे दुरुस्त करणारे तुम्हीच.

६

एवढा वेळ थोरली हलली नव्हती. आता तिनं हात मांडीखालून काढले आणि समोर धरले. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत होती. लोकांना वाटलं ती दिराचं नाव घेईल, जावेला शिव्या देईल. तिनं टाचणीला विचारलं, "म्हणजे माझा हात चांगला होता?"

दुसरा कुणी असता तर हो म्हणून थांबला असता. टाचणीला अर्धवट टोचणं जमत नसे.

"चांगला होता. तुकडा लिबलिबीत आहे, हे त्यानं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही त्याचं ऐकलं असतंत, तर तो पोरगा आज काचा पुसत असता."

थोरलीनं मान डोलावली. आज सकाळपर्यंत तिच्याकडे निदान एवढं तरी होतं की हातच गेला होता, त्याला मी काय करणार. तेही आता राहिलं नाही. ती निर्दोष ठरली होती आणि तिला बसायलाही जागा उरली नव्हती.

खाली बसलेली धाकटी एकाएकी म्हणाली, "जुनाही तुटला असता. जुना पार झिजला होता. तो लावला असता तरी तेच झालं असतं, ताई." हे ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी तिला ही काडी सापडली होती आणि ती सोडायला तयार नव्हती.

थोरली उठली. सासूच्या काखेतला जुना पट्टा तिनं काढून घेतला, त्याचा पिवळा धागा अंगठ्यानं चाचपला.

"बघू या," ती म्हणाली.

धाकटीला काय होणार ते तिथल्या कुणाहीपेक्षा आधी कळलं. ती धावली, पट्ट्याचं दुसरं टोक धरून म्हणाली की नको ताई, तुटेल, त्याचा आहे, तेवढाच राहिलाय. थोरलीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. कधी काळी तीच बोटं धरून तिनं शिकवलं होतं. मग तिनं पट्टा जबड्यात बसवला. इतका सरळ की कापणाऱ्यानं नकळत मान हलवली. यंत्र सुरू झालं.

काटा चढत गेला. लाल रेघ आली आणि मागे पडली. पट्टा धरून होता. काटा आणखी चढला, आणखी. धाकटीनं डोळे मिटून घेतले तेव्हा सासूनं तिची हनुवटी धरून मान वर केली आणि तशीच धरून ठेवली. बऱ्याच वेळानं, त्या खोलीत शेवटी सगळंच तुटतं तसा, मोठा आवाज करून पट्टा तुटला.

थोरलीनं यंत्र बंद केलं आणि बाजूला झाली.

"आकडा तू वाच," ती धाकटीला म्हणाली. "माझ्या हाताचा काय भरवसा."

धाकटीनं वाचला. तोंडातल्या तोंडात.

"मोठ्यानं वाच," थोरली म्हणाली. "सासूबाईंना ऐकू आलं नाही."

धाकटीनं पुन्हा वाचला.